हळदीतला फोटो

जयेंद्रगंज, लष्कर,
ग्वाल्हेर
१७ सप्टेंबर २०२५

सौ. शिखाताई,

नमस्कार. इंदूरला सगळे बरे असतील. रेवाचा खोकला गेला का? तिला कोमट पाण्यात हळद घालून गुळण्या करायला लाव, मानली तर.

इकडे पाऊस थांबला, पण उकाडा असा की पंख्याखाली बसूनही कागदाला घाम लागतो. गणपती यंदा दीड दिवसाचेच बसवले. आईचा गुडघा धरला होता. म्हणजे लोकांना आम्ही ते कारण सांगितलं. पाच दिवस आरतीला येणारी माणसं सोफ्यावर बसून माझ्याकडे बघत राहिली असती, ते आईला नको होतं. मलाही नको होतं. मोदक मात्र आईने नेहमीइतकेच केले, आणि मग आम्ही तिघंच ते तीन दिवस खात बसलो.

तू म्हणशील, फोन असताना पत्र कशाला. तुझा व्हॉइस मेसेज मी ऐकला. दोनदा ऐकला. उत्तर द्यायला फोन उचलला आणि परत ठेवला. फोनमधलं काहीही कुठेही पोचतं हे आता मला चांगलंच कळलंय. कागद निदान तुझ्या हातात पडेल, आणि कुणाला दाखवायचा तर तुला उठून त्याच्यापर्यंत जावं लागेल.

तक्रार मागे घे, घरातलं घरात मिटवू, असं तू म्हणालीस. त्याचं उत्तर देतेच. पण आधी मी काय बनवलं होतं ते तुला सांगते, कारण तू कधी विचारलं नाहीस. आई लोकांना 'कंप्यूटरचं काम' म्हणून सांगते आणि आबा विषय बदलतात, तेव्हा तुला तरी कुठून कळणार.

माझ्या गेमचं नाव 'बत्तीवाली'. आपल्याकडच्या वरातीत डोक्यावर दिव्यांची झुंबरं घेऊन बायका रांगेने चालतात ना, एकीची वायर दुसरीला जोडलेली आणि मागे जनरेटरचा ठेला? त्यातली शेवटची बाई म्हणजे कमली. तिला घेऊन पाटणकर बाजारातून, इंदरगंजच्या चौकातून वरात मुलीच्या दारी न्यायची. मध्ये सांड आडवा बसतो, नाचणारे काका जागचे हलत नाहीत, घोडी रुसते. कुणी जोरात ओढलं की वायर निघते आणि अख्खी रांग अंधारात. अंबरीशला तू ओळखतेस, शाळेतला माझा मित्र. संगीत सगळं त्याचं. त्याने खऱ्या बँडवाल्यांना स्टुडिओत बसवलं आणि मुद्दाम बेसूर वाजवायला सांगितलं. ते रागावले. म्हणाले, "साहब, हम तो सुर में बजाते हैं." मग त्यांनी सुरात वाजवलं, आणि आम्हाला हवं होतं तसं बेसूर आपोआपच आलं.

एका ठिकाणी कमली डोक्यावरचा दिवा उतरवते आणि चहाच्या टपरीवर टेकते. चहावाला विचारतो, "घर कहाँ है तेरा?" ती म्हणते, "जहाँ था, वहाँ सब लड़के को ढूँढ रहे हैं. मैं तो उन्हें दिखी ही नहीं."

बस. एवढंच. मग ती चहा संपवते आणि उठते.

हे मी अशासाठी सांगतेय की या गेमला 'अश्लील' म्हटलं गेलं. शिखाताई, त्यात एक मिठीसुद्धा नाही. बाई चहा पिते.

स्ट्रीमिंग काय असतं हे तुला सांगायला नको. तुमच्याच घरच्या वरच्या खोलीत तुझा दीर समरजीत रोज संध्याकाळी बंदुकीचे गेम खेळतो, लाखभर लोक बघतात, आणि खाली तू त्याच्यासाठी पोहे परततेस. मीही स्ट्रीम करते. माझ्याकडे एवढे लोक नाहीत. गेम बनवता बनवताच दाखवायचे, लोक चुका काढायचे, मी त्या दुरुस्त करायचे. माझा चेहरा मात्र कधी दाखवला नव्हता. पडद्याच्या कोपऱ्यात माझ्या जागी वरातीतल्या घोडीचं चित्र, मी बोलले की तिचं तोंड हलायचं. लोक मला 'घोडी दीदी' म्हणायचे. मला फार आवडायचं ते. कुणी काही विचारत नव्हतं, आणि दीदी म्हणत होतं.

ऑगस्टमध्ये समरजीतने 'बत्तीवाली' खेळायला घेतली. मी ते नंतर पाहिलं. पहिला तासभर तो इतका मजेत खेळला की मला पण हसू आलं. सांडाच्या जागी तीन वेळा अडकला, बँडवर नाचून दाखवलं, म्हणाला, "भाई, ये तो अपने एमपी की बारात है, किसने बनाया यार, गज़ब!" मग त्याच्या बघणाऱ्यांपैकी कुणीतरी गेममधली श्रेयनामावली वाचून लिहिलं: सीमंतिनी इंगळे, ग्वाल्हेर.

तो थांबला. मग हसायला लागला. "रुको रुको, ये तो अपने घर का केस है."

त्यानंतर त्याने माझं जुनं नाव घेतलं. आख्खं, आडनावासकट. एक जुना फोटो पडद्यावर लावला, तो कुठूनतरी मिळवलेला. जयेंद्रगंज म्हणाला, आपल्या घरासमोरचं औषधांचं दुकानसुद्धा सांगितलं. टपरीवरचा तो प्रसंग परत लावून म्हणाला, "बच्चों को ये सिखा रहे हैं, सब लोग रिपोर्ट मारो." आणि लोकांनी मारले. त्याने सांगितलं म्हणून माणसं जेवायचं ताट बाजूला ठेवून रिपोर्ट करायला बसली असतील.

दुसऱ्या दिवशी गेम ऑनलाइन दुकानातून गायब. परत लागला तो 'फक्त प्रौढांसाठी'च्या कप्प्यात, जिथे कुणी शोधायलाही जात नाही. मी लिहिलं, कारण विचारलं. मशीनचं उत्तर आलं: आमच्या नियमांनुसार. कोणता नियम ते नाही. दोन बायकांना गोळ्या घालून त्यांची मुंडकी गोळा करायचा गेम त्याच दुकानात पहिल्या पानावर होता, त्याला बारा वर्षांची मुलं चालतात. माझी कमली चालत नाही.

मला आलेले संदेश तुला वाचून दाखवणार नाही. प्रत्येकात ते जुनं नाव होतं, जणू सगळ्यांना एकाच वेळी माझी नस सापडली होती.

मग एका सकाळी तीन मुलं दारात उभी राहिली. हातात मोबाइल, व्हिडिओ चालू. आबा दाढी करत होते, अर्ध्या गालाला साबण. तसेच दारात गेले. मी आत पडद्यामागे.

"अंकल, वो गेम वाला लड़का यहीं रहता है ना? बस एक छोटी सी वीडियो."

"कौन लड़का?"

"आपका बेटा, अंकल."

"यहाँ कोई लड़का नहीं रहता," आबा म्हणाले आणि दार लावून घेतलं.

ताई, मला तेव्हा कळेना की ते मला लपवतायत की मला नाकारतायत. दिवसभर तेच डोक्यात. दुपारी पानावर बसल्यावर मी विचारलंच, "आबा, तुम्ही त्यांच्याशी खोटं का बोललात?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "खोटं काय बोललो त्यात?" म्हणाले. आणि वाटी पुढे केली, "आमटी वाढ."

तुला माहीत आहे, त्यांनी अजून माझं नाव एकदाही घेतलेलं नाही. हाक मारायची झाली तर ते खोकतात. पण त्या दिवशी मी त्यांना आमटी वाढली तेव्हा निम्मी ताटात सांडली, आणि ते त्यांना दिसलं. मग त्यांनी स्वतःहून सांगितलं की पोलिसांत जायचं तर जा, मी स्कूटर काढतो.

आई नको म्हणत होती. रडत नव्हती, भाजी निवडत होती. "शिखाचं सासर आहे गं ते," म्हणाली. "तिला तिथे रोज तोंड दाखवायचंय. तू सोसलंस इतकं, आणखी थोडं सोस गं." मला 'गं' म्हणते आता, सहज म्हणते. आणि त्याच 'गं'ने सोसायला सांगते. आईचा राग करता येत नाही, म्हणून तो जास्तच येतो.

ठाण्यात जे झालं ते तू ऐकच. कोणतं ठाणं ते लिहीत नाही, सगळीकडे असंच झालं असतं.

"नाम?"

"सीमंतिनी इंगळे."

"असली नाम?"

मी ओळखपत्र पुढे ठेवलं. कलेक्टरच्या सहीचं, ज्यासाठी मी किती चकरा मारल्या ते आबांना विचार. टेबलामागच्या अधिकाऱ्याने ते उलटंपालटं करून पाहिलं, जसं बाजारात नोट बघतात.

"ये ठीक है. पहले वाला क्या था?"

"साहब, वही तो शिकायत है. पहले वाला किसी ने सबको बता दिया."

त्याने ओळखपत्र परत केलं. मग म्हणाला, "पर मैडम, आप ये वीडियो-वीडियो बनाती क्यों हैं? लोग तो बोलेंगे ही."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. समरजीतला कुणी हे विचारलंय का कधी? तो बनियनवर बसून शिव्या देतो, गोळ्या झाडतो, तर तो 'क्रिएटर'. त्याला नगरसेवक हार घालतात. मी माझ्याच शहराची वरात काढली, तर मी 'वीडियो-वीडियो' का करते. रस्त्यावर आमच्यासारख्यांनी टाळ्या वाजवून पैसे मागितले तर लोक म्हणतात, काम का नाही करत. काम केलं तर म्हणतात, हे काम का करता. आमच्यासाठी कायदा आहे ताई, संसदेने केलेला, सुप्रीम कोर्टानेही सांगून ठेवलंय की मी कोण ते मीच सांगायचं. पण त्या टेबलाशी पोचेपर्यंत कायदा दमतो बहुतेक. आबा बाहेरच्या बाकावर बसले होते. आत आले आणि फक्त एवढंच म्हणाले, "लिखिए, जैसा बोल रही है." रही है. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तिथेच रडले असते.

तक्रार लिहून घेतली.

गेमचं काय झालं तेही सांगते. अंबरीश गप्प बसणाऱ्यांतला नाही. त्याने देशभरच्या छोट्या गेमवाल्यांना लिहिलं. पुण्याच्या, कोचीच्या, शिलाँगच्या. ही सगळी एकट्यादुकट्याने गेम बनवणारी माणसं, बहुतेकांना मी कधी भेटलेले नाही. त्यांनी दुकानाला पत्रांवर पत्रं पाठवली, आपापल्या स्ट्रीमवर टपरीचा तो प्रसंग खेळून दाखवला आणि विचारलं, सांगा यात काय अश्लील आहे. शेवटी गेम परत जागेवर आला. माफी नाही, कारण नाही. जसा गेला तसाच आला.

आणि मी ठरवलं की घोडी पुरे. सगळ्यांनी माझा नको तो चेहरा बघितलाय, तर आता हवा तोही बघू देत. आईची जांभळी चंदेरी नेसले. आईने स्वतः निऱ्या काढून दिल्या, तोंड वाकडं करून का होईना. कॅमेरा लावला आणि म्हटलं, "मी सीमंतिनी. ही मी बनवलेली वरात. चला." मराठीतच म्हणाले, मग हिंदीत. शिव्या आल्या, अंबरीश त्या पुसत होता. पण बाकीचेही आले. कुणी दमोहची कॉलेजात जाणारी मुलगी होती, कुणी सांगलीचे एक गणिताचे मास्तर. त्या मुलीने लिहिलं, "दीदी, आपका पल्लू बार-बार गिर रहा है, पिन लगा लो." मी भर स्ट्रीममध्ये उठून पिन लावली. खूप दिवसांनी पोटातून हसले.

तेवढ्यात समरजीत आला. त्याच्या नावापुढची निळी खूण दिसते ना, सगळ्यांनी ओळखला. त्याने लिहिलं:

"मुझ पर केस करती है? फोटो तो भाभी ने दिया था."

इतका वेळ मी हा परिच्छेद टाळत होते, ताई. आधी 'कुठूनतरी मिळवलेला' असं लिहिलं. ते खरं नव्हतं. फोटो मी पाहताक्षणी ओळखला होता.

तुझ्या हळदीचा तो. मी कुर्त्यात, दोन्ही गालांना हळद. त्याने कडा कापल्या होत्या, पण माझ्या खांद्यावर हिरव्या चुड्याचा तुझा हात तसाच राहिला होता. मी सगळ्यांना हात जोडून सांगितलं होतं, माझे जुने फोटो काढून टाका. आईने अल्बम ट्रंकेत घातला. तू म्हणालीस, "हा एक राहू दे. यात मी सगळ्यात जास्त हसलेय. कुणाला दाखवणार नाही." मी हो म्हटलं, कारण त्या फोटोत मीही हसले होते.

तरीही मी स्वतःची समजूत घालत राहिले. कुणी फोन उघडला असेल, रेवाच्या हातून गेला असेल. समरजीतने ते लिहिलं, शेकडो लोकांनी वाचलं. सांडाची जागा आली होती. मी कमलीला बाजूने काढलं, वरात मुलीच्या दारी नेली आणि मग कॅमेरा बंद केला. चंदेरी न सोडताच तिथे फरशीवर बसून राहिले.

नंतर तुझा मेसेज आला. त्यात तू म्हणतेस, "फोटो त्यांना कुठून मिळाला कुणास ठाऊक."

आणि शेवटी म्हणतेस, "तू माझी बहीण आहेस ना? मग एवढं कर."

तुला आठवतंय, मी तुला सांगितल्यापासून तू माझ्याशी कशी बोलतेस? "जेवण झालं?" "बरं आहे ना?" "येणं होईल का दिवाळीला?" आलीस नाही, आलास नाही. तीन वर्षं तू एकही वाक्य असं बोलली नाहीस ज्यात मी मुलगा की मुलगी हे ठरवावं लागेल. मराठीत किती कठीण आहे ते! मी मनात म्हणायचे, चला, ताई निदान माझ्यासाठी एवढे कष्ट घेते. बहीण हा शब्द तुझ्या तोंडून ऐकायला मी काय दिलं नसतं. आणि तो निघाला कशासाठी, तर तुझ्या दिराची तक्रार मी मागे घ्यावी म्हणून. इतके दिवस राखून ठेवला होतास, आणि वापरलास कुठे!

तू दुष्टपणाने फोटो दिला नाहीस हे मला माहीत आहे. जेवताना विषय निघाला असेल, तो म्हणाला असेल, भाभी, बघू तरी आधी कसा दिसायचा. सगळे हसले असतील. तूही हसली असशील, आणि फोन पुढे केला असशील. दुष्टपणाने दिला असतास तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. पण तू हसता हसता दिलास. माझं जगणं तुमच्या टेबलावर लोणच्यासारखं फिरलं, आणि कुणाच्या घशात अडकलं नाही.

काल मला जबाबाला परत बोलावलं होतं. तोच अधिकारी. विचारलं, "फोटो किसके पास थी?" मी म्हटलं, एकाच माणसाकडे होता. "कौन?" मी पर्सची चेन उघडली, परत लावली. तो वाईट नव्हता बोलायला, त्याला अंदाज आला. पेन खाली ठेवून म्हणाला, "बहन है क्या? रहने दो मैडम, लिख देते हैं कि पता नहीं."

सोपं होतं. आबाही बाहेर होते, त्यांना कळलंही नसतं. पण गेले महिनाभर प्रत्येक जण मला हेच सांगून राहिलाय. लिहू, पता नहीं. दुकान म्हणतं पता नहीं का काढला, तू म्हणतेस पता नहीं कुठून मिळाला. मीही तेच लिहिलं असतं, तर मग मला ठाण्यात जायची गरजच काय होती?

मी म्हटलं, "पता है. लिखिए. शिखा, मेरी बड़ी बहन, इंदौर."

त्याने लिहिलं. मी सही केली.

तुला पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन येईल. तो येण्याआधी हे माझ्याकडून कळावं म्हणून स्पीड पोस्टने पाठवतेय. तुझ्यावर तक्रार नाही, समरजीतवर आहे. तू साक्षीदार आहेस. दाजी रागावतील, सासूबाई बोलतील, मला ठाऊक आहे. तुझ्यासाठी त्या घरात ते किती जड जाईल याचा विचार मी केला नाही असं समजू नकोस. काल घरी येताना स्कूटरवर मागे बसून मी तेवढाच विचार करत होते. तरीही जबाब बदलणार नाही.

ते विचारतील तेव्हा खरं सांग. आणि खरं सांगितल्यावर त्या घरात राहणं अवघड झालं, तर रेवाला घेऊन इकडे ये. हे मी आबांना विचारून लिहितेय. ते खोकले, मग म्हणाले, "वरची खोली झाडून ठेव." मी झाडून ठेवलीये.

आईचा आशीर्वाद, आबांचाही. माझ्याकडून माया आहेच, पण आज या पत्रात ती लिहायला माझा हात होत नाही.

सीमंतिनी जगदेवराव इंगळे